खांद्याच्या मापाची रायफल

माझी उंची पाच फुटांना कधी शिवलीच नाही. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी कायम पहिली, आणि घरात फळीवरचा डबा काढायला कायम स्टूल. अंगानेही चिपाड. भाताची गोण माझ्याहून भारी आहे, असं काका पाहुण्यांसमोर हसत सांगायचे आणि पाहुणेही हसायचे. मी हसायचे नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, वयाच्या बाविशीत, मी हट्ट धरला की घरातली रायफल मी चालवणार. त्या वेळी तर पाहुणेही हसायचे थांबले, कारण मी हे गंभीरपणे म्हणतेय असं त्यांच्या लक्षात आलं.

आमचं गाव डोंबिवलीला चिकटलेलं. घराजवळची शेतं एकेक करून कारखान्यांखाली आणि इमारतींखाली गेली, पण मलंगगडाच्या पायथ्याकडे आजोबांनी घेतलेलं एक भातशेत तेवढं उरलं होतं. त्याला आम्ही वरचं शेत म्हणायचो. पाठीमागे रान. दसऱ्याच्या सुमाराला भात दाण्यावर आलं की दिवेलागणीला रानडुकरं उतरायची. डुक्कर खातं थोडं आणि लोळवतं फार. एका कळपाने अर्धं खाचर झोपवलेलं मी पाहिलं आहे.

रायफल आजोबांची, शिकार उघडी होती त्या काळातली. जुनी विलायती बनावट, अंगाने जाडजूड, आमच्या उखळाइतकी ठोस. पुढे शिकारीवर बंदी आली आणि बाबांनी शेतराखणीचा परवाना काढून ती ठेवली. त्यांनी कधी डुक्कर मारलं नाही. चार बांबूंवर बांधलेल्या माळ्यावर बसायचे आणि कळपाच्या मागच्या बांधात गोळी घालायचे. माती उडायची, आवाज डोंगरावर आपटून परत यायचा, आणि कळप रानात पसार. फटाके लावून पाहिलेले, पण फटाक्यांना डुकरं आमच्यापेक्षा लवकर सरावली. शिवाय एखादं एकांडं डुक्कर वळून अंगावर आलं तर हातात काहीतरी हवंच. शेजारच्या गावातल्या एकाची मांडी अशीच फाटली होती आणि तो पुढे आयुष्यभर लंगडला.

त्या वर्षी बाबांचे डोळे गेले. काचबिंदू. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, उरलंय तेवढं टिकवू, गेलेलं येणार नाही. समोर कोणी उभं आहे हे कळायचं, कोण ते आवाजावरून ओळखायचे. परवान्याच्या कचेरीतही त्यांना सांगितलं की आता घरातल्या दुसऱ्या कोणाचं तरी नाव द्या.

दुसरं कोणीतरी म्हणजे कोण, हाच सगळा प्रश्न होता. मी एकुलती एक मुलगी. शेत बाबांचं आणि काकांचं सामाईक. आणि आमच्या घरात एक न लिहिलेला कायदा होता: ज्याच्याकडे राखण, त्याचा शेताबद्दलचा शब्द शेवटचा. काकांना वरच्या शेताचे प्लॉट पाडायचे होते; एक माणूस नकाशे घेऊन दोनदा येऊन चहा पिऊन गेला होता. बाबा राखण करत होते तोवर त्यांनी नाही म्हटलं की विषय संपायचा. आता राखण काकांच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे गेली, की शेत गेलंच. दादा वाईट नव्हता हो. कबड्डी खेळायचा, खांदे दरवाज्याएवढे, आणि वडिलांसमोर तोंडातून शब्द नाही.

राखण कोणाकडे, हे ठरवायची रीतही होती. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की सगळं घर वरच्या शेतावर जायचं. समोरच्या उंच बांधाला चुना लावलेलं मडकं टेकवायचं आणि माळ्यावरून ते एका गोळीत फोडायचं. फोडेल त्याच्याकडे राखण. इतकी वर्षं बाबाच फोडत आले होते, त्यामुळे तो नुसता रिवाज उरला होता. यंदा दादा फोडणार, असं काकांनी जाहीर केलं.

"मी पण फोडणार," मी म्हणाले.

"तू?" काका म्हणाले. "बार निघाला का तूच मागं उडशील गो. ही काय झाडू हाय काय?"

बाबा म्हणाले, "मारू दे तिला पण. रीत सगल्यांना सारखी."

मी बोलून बसले खरी, पण माझी अवस्था मला ठाऊक होती. श्रावणात एकदा बाबा शेजारी असताना मी ती रायफल चालवून पाहिली होती. तिचा लाकडी दस्ता खांद्यात बसेचना. चापापर्यंत बोट न्यायला मला मान ताणून कंबरेतून मागे झुकावं लागलं, आणि बार निघाला तसा दस्ता खांद्यावरून घसरून दंडावर आदळला. दंड आठवडाभर जांभळा होता. त्याहून वाईट म्हणजे नंतर नुसतं रिकामा चाप ओढतानाही डोळे आपोआप मिटायला लागले. डोळे मिटून मडकं फुटत नाही.

तेव्हा मी सरळ हिशेब केला: लहान अंगाला लहान बंदूक. कोणीही हाच हिशेब करेल. मी तेव्हा ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग मशीनवर होते. रोज एसटीने खोपटला उतरायचं आणि पुढे चालत जायचं. एका शनिवारी सुटल्यावर मी ठाण्यातल्या हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी माझ्या मागे कोणी पुरुष येतोय का ते पाहिलं.

"कोणासाठी पाहिजे?"

"माझ्यासाठी."

"अच्छा, अच्छा," म्हणत त्याने काचेतून एक बारीकशी पॉइंट टू टू बोअरची रायफल काढली. "ही घ्या मॅडम. एकदम लेडीज. धक्का बोलून काही नाहीच. लहान पोरगं पण चालवेल."

खांद्याला लावली तर खरंच हलकी, सुटसुटीत. माझं काम झालं असं वाटलं. घरी येऊन उत्साहाने बाबांना सांगितलं, तर ते हसले. "ती डबे फोडाला. तिचा आवाज म्हंजे टिचकी. डुक्कर कान हालवल न् परत खाईल. न् अंगावर आला त मग काय, त्याला गुदगुल्या करशील?"

म्हणजे धक्का नको आणि दम हवा, अशी माझी मागणी होती. चांगला नवरा शोधण्यापेक्षा हे अवघड, असं आई म्हणाली. आई माझ्या बाजूने होती, पण टोमणा सोडायची नाही.

मग बाबांचे एक जुने स्नेही आठवले. पलीकडच्या गावातले म्हातारे गृहस्थ, त्यांच्याकडे एकनळी बंदूक होती, आणि ती पिसासारखी हलकी म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्यांनी मोठ्या मनाने ती वरच्या शेतावर आणली. मी उचलली आणि जीव हरखला. एका हाताने पेलत होती! आवाज मोठा, वजन नाही, अजून काय पाहिजे? मी ती खांद्याला लावली आणि चाप ओढला.

पुढचं मला आठवतं ते असं की मी खाचरात बसले होते, चिखलात, आणि तोंडात रक्ताची चव होती. जीभ दातांखाली आलेली. गळ्याचं हाड इतकं ठणकत होतं की मोडलं असंच वाटलं. म्हातारे बिचारे घाबरून "पोरी, पोरी" करत होते. काका बांधावर उभे होते. ते नुसती मान हलवून चालू पडले, आणि मला वाटलं, यापेक्षा हसले असते तर बरं.

त्या रात्री आईने हळद लावताना विचारलं, "सोडतेस का आता?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"दुखतंय म्हणून."

ते खरंच होतं. मी हरल्यासारखी रडत नव्हते. मला राग आला होता, आणि तो काकांचा नव्हता. हलकी बंदूक जास्त का लागली, हे मला कळत नव्हतं, आणि न कळण्याचा मला फार राग येतो.

उत्तर माझ्या डोळ्यांसमोर रोज आठ तास उभं होतं. आमच्या वर्कशॉपमध्ये दोन ड्रिलिंग मशीनं होती. एक जुनं, बिडाच्या जाड बैठकीचं, हलवायला चार माणसं लागतील असं. दुसरं नवं, हलकं. जुन्यावर कितीही जाड पट्टी भोक पाडायला लावा, ते ढिम्म. नवं मात्र जरा जोर दिला की फरशीवर नाचायचं आणि सगळी थरथर हातात यायची. ते हलकं म्हणून सगळे मला तेच द्यायचे, आणि संध्याकाळी माझेच हात बधिर व्हायचे. सोमवारी गळ्याच्या दुखऱ्या हाडानिशी त्या मशीनसमोर उभी होते तेव्हा एकदम लक्षात आलं: जड वस्तू धक्का आपल्या अंगात जिरवते, हलकी तो दुसऱ्याच्या हवाली करते. बंदुकीची गोष्ट वेगळी का असेल?

दुपारच्या सुट्टीत डबा न खाता मी विचार करत बसले. जड रायफल मला पेलत नाही, ठीक. पण मला ती घेऊन डोंगर कुठे चढायचा होता? माळ्यावर बसायचं होतं. माळ्याला आडवा बांबू होता, त्यावर कोंड्याची पिशवी ठेवून नळी टेकवता आली असती. म्हणजे वजनाची अडचणच नव्हती. उलट ते वजन माझ्या फायद्याचं होतं. मग श्रावणात मार का बसला? तर दस्ता लांब होता. वर्कशॉपमध्ये मी पायाखाली लाकडी फळी घेऊन काम करायचे, कारण मशीनचा दांडा पुरुषांच्या उंचीला बसवलेला. फळी घेतली की मशीन कधी माझ्यावर रुसलं नाही. रायफलही आजोबांच्या हाताच्या मापाची होती, बाबांनाही तीच बसली, आणि माझा हात त्यांच्याहून दोन बोटं आखूड होता.

इतके दिवस मी दुकानादुकानांतून आणि गावागावांतून जी शोधत होते, ती घरीच होती. फक्त तिचं लाकूड कापायला हवं होतं.

मला वाटलं बाबा खूश होतील. मी सगळं भराभर सांगितलं. मशीन, फळी, कोंड्याची पिशवी. ते ऐकत राहिले, आणि कापायचं नाव काढताच त्यांचा चेहरा बंद झाला.

"पुजलेल्या हत्याराला करवत? नाय."

"पण बाबा, नळीला हात लावायचा नाही, फक्त लाकूड..."

"नाय बोललो ना."

आमच्याकडे दसऱ्याला त्या रायफलीला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची, नैवेद्य दाखवला जायचा. घरातली लेकरं ओलांडून गेली तरी आजी कानफटात मारायची. पुजलेली वस्तू मोडायची नाही, कापायची नाही, हे मलाही मान्य होतं. पण मला हेही दिसत होतं की दसरा येतोय आणि काकांकडे तो नकाशेवाला पुन्हा येऊन बसलाय.

आईने विळीवरून मान वर केली नाही. भाजी चिरत म्हणाली, "देव्हाऱ्यातले टाक झिजले का सोनाराकडं देतो ना उजळाला? तो काय फुलांनी उजळतो? हातोडीच मारतो ना देवाला?"

बाबा उठून ओटीवर जाऊन बसले. मला त्यांचा भयंकर राग आला. वाटलं, शेत जाऊ दे, पण लाकूड वाचलं पाहिजे, असला हा हट्ट! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवणाचं ताट पुढे ठेवायचे आणि आत जायचे.

तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर बाबा ओटीवर एकटेच होते आणि मांडीवर रायफल होती, रिकामी. ते ती खांद्याला लावत होते, उतरवत होते, पुन्हा लावत होते. डोळे मिटलेले. दस्ता दर वेळी अचूक खांद्याच्या खळग्यात जाऊन बसत होता आणि गाल लाकडावर जिथे टेकायचा तिथेच टेकत होता. मी दारात थांबले. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं.

"हिला लावताना बघाला लागत नाय," ते म्हणाले. "आपोआप बसते. मना वाटाचं, डोळं काय, डॉक्टर काय पण बोलतीन. उद्या थोडा दिसाला लागला त..." त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला. "कापली का मग ही माझ्या खांद्याला नाय बसाची गो."

मी खाली बसले. पूजेचं कारण नव्हतंच ते. मी इतके दिवस त्यांच्याकडे करवतीची परवानगी मागत होते आणि त्यांना ऐकू येत होतं की बाबा, तुमचे डोळे आता येणार नाहीत. "राहू दे बाबा," मी म्हणाले, "आपण दुसरं काहीतरी बघू." आणि ते मी मनापासून म्हणत होते.

"दुसरा काय बघशील? दसरा आला." त्यांनी हात पुढे केला. "ये हिकडं. हात दे. कोपरात वाकव."

मी कोपर वाकवलं. त्यांनी दस्त्याची टाच माझ्या कोपराच्या आतल्या वळणात टेकवली आणि बोटांनी चाचपत माझं पहिलं बोट चापाकडे ओढलं. पोहोचत नव्हतं. मग दस्त्याच्या टोकाकडून त्यांनी आपली दोन बोटं लाकडावर आडवी ठेवली, परत माझा हात चाचपला, परत बोटं ठेवली. घाई अजिबात नाही. आईला हाक मारून त्यांनी चुन्याची डबी मागवली आणि दिसत नसताना, नखाच्या कडेने, लाकडावर सरळ रेघ ओढली.

"हितून काप," ते म्हणाले.

ठाण्याच्या परवानावाल्या दुरुस्तीच्या दुकानात बाबा स्वतः बरोबर आले. लाकडावर करवत चालली तेव्हा आवाजाकडे तोंड करून शेवटपर्यंत उभे राहिले. मला बाहेर जावंसं वाटत होतं, ते हलले नाहीत. कापल्या जागेवर मी आमच्या वर्कशॉपमधला रबराचा जाड तुकडा बसवून घेतला. मशीनच्या पायांखाली घालतात तो, मालकांना विचारून आणलेला. घरी आल्यावर पहिल्यांदा रायफल खांद्याला लावली आणि ती बसली. मान ताणायला नको, कंबर मागे न्यायला नको. मग रोज कामावरून आल्यावर रिकामा चाप ओढायचा सराव. नळीवर बाबा एक सुपारी ठेवायचे. सुपारी पडली की डोळे मिटले असं धरायचं. आधी रोज पडायची. हळूहळू पडायची थांबली.

दसऱ्याला सगळं घर वरच्या शेतावर जमलं. आधी दादा चढला. रायफल खांद्याला लावताच त्याला कळलं असावं, कारण त्याने एकदा बापाकडे पाहिलं. आखूड दस्त्यामुळे त्याचा अंगठा थेट नाकाशी आला होता. बार झाला, मडक्याच्या वर हातभर माती उडाली आणि दादाच्या नाकातून रक्ताची धार लागली. तो नाक धरून हसायलाच लागला. "अरे, यो माझा मापच नाय!"

काका मात्र भडकले. "बंदूक कापून जिंकाचा ठरवलाव का तुमी?"

"काका," मी म्हणाले, "इतकी वर्षं ती तुमच्या मापाची होती, तेव्हा मी काही बोलले का?"

लोक म्हणतील, हे सरळ झालं नाही. म्हणू देत. मला त्याची तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

मी माळ्यावर चढले. बाबा आईचा हात धरून मागोमाग चढले आणि माझ्या पाठीशी बसले. कोंड्याच्या पिशवीवर नळी टेकवली. बाबांनी त्यांचा तळवा माझ्या उजव्या खांद्याच्या मागे ठेवला, सगळा पंजा पसरून. मडकं दिसत होतं, चुन्याचा ठिपका दिसत होता, आणि माझे डोळे उघडे होते. मी चाप ओढला.

धक्का आला. आलाच, येणारच होता. पण तो दंडावर घसरला नाही, गळ्याच्या हाडावर आला नाही. खांद्यातून सरळ मागे गेला, बाबांच्या तळव्यात. खाली कोणी ओरडायच्या आधीच बाबा म्हणाले, "फुटला."

फुटलं होतं. आई हसत होती, दादा रक्ताळलेल्या रुमालाने टाळ्या वाजवत होता, काका बांधाकडे पाहत उभे होते. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. आपट्याची पानं वाटून झाली, सगळे गावाकडे निघाले, आणि बाबांनी एकदाच रायफल मागितली. मी ती रिकामी करून दिली. त्यांनी ती खांद्याला लावली. कोपराला जागा मिळेना, गाल लाकडावर बसेना. त्यांनी पुन्हा लावून पाहिली नाही. माझ्या हातात दिली.

"ऊन कलला. डुकरा उतरतील आता," ते म्हणाले. "मी घरी जातंय."

दर वर्षी या वेळी आम्ही घरी जायचो आणि बाबा माळ्यावर राहायचे. ते आईचा हात धरून बांधावरून चालू लागले, पायाने जमीन चाचपत. मागे वळून पाहिलं नाही. पाहून दिसलंही नसतं. मी त्यांना वळणापर्यंत बघत राहिले. मला रडू आलं, पण डोळे पुसले आणि रानाकडे तोंड करून बसले, कारण राखण आता माझ्याकडे होती.